आल्पुखारातलं घर, मातीचं छत आणि पाहुण्यांच्या तीन खोल्या : कामाच्या नोंदी

ग्रानादा प्रांतात, सिएरा नेवादाच्या दक्षिण उतारावर आल्पुखारा नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या ला ताआ या पंचायतीत सात वाड्या येतात. त्यांतल्या एकीत, साधारण हजार मीटर उंचीवर, आम्ही जुनं घर घेतलं. खाली आम्ही राहणार आणि वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या तीन खोल्या, म्हणजे इथल्या भाषेत ‘कासा रूराल’. असं काही करायचं बरेच जण मनात धरून असतात, म्हणून या नोंदी ठेवल्या.

एक गोष्ट आधीच सांगते. आमच्याकडे दीर्घ मुदतीचा रहिवासी परवाना आधीपासून होता. घर घेतलं म्हणून परवाना मिळत नाही. पाच लाख युरो गुंतवून तो मिळवण्याची जी सोय होती, तीही 3 एप्रिल 2025 पासून बंद झाली आहे.

18 जानेवारी 2024

घर ताब्यात आलं. किंमत 64,000 युरो. आंदालुसियात जुन्या घरावर खरेदीकर 7 टक्के, म्हणजे 4,480. शिवाय नोटरी, नोंदणी आणि वकील मिळून 2,300. नोंदणीतलं क्षेत्रफळ आणि भूमापन खात्यातलं क्षेत्रफळ जुळत नव्हतं. ते सरळ करून घेतल्याशिवाय सही करायची नाही, असं वकीलबाईंनी बजावलं होतं. त्यात सात आठवडे गेले, पण पुढे प्रत्येक अर्जाला तोच कागद लागला.

सान आन्तोनच्या सणाची लाकडं चौकात अजून धुमसत होती. शेजारच्या आजी दार उघडं बघून थेट आत आल्या. आमचं नाव-गाव राहिलं बाजूला, पहिला प्रश्न आला, “बागेच्या पाण्याची पाळी कोणाकडे ठेवलीत?” घरामागे दोन पायऱ्यांची बाग आहे आणि तिला पाटाच्या पाण्याचा हक्क आहे. तो जमिनीबरोबर येतो, पण वापरला नाही तर बाग वाळते आणि शेजाऱ्यांची नाराजीही ओढवते. दर आठव्या दिवशी दीड तास, तोही रात्री. आजींनी तारीख भिंतीवर खडूने लिहून दिली.

9 फेब्रुवारी 2024

वरच्या मोठ्या खोलीचं प्लास्टरचं खोटं छत काढलं. आत चेस्टनटच्या तुळया आहेत, हे माहीत होतं. दोन तुळयांची भिंतीत गेलेली टोकं बोटाने कुस्करतील इतकी सडली आहेत, हे माहीत नव्हतं. घर बघायला आलो तेव्हा खोटं छत एका कोपऱ्यात तरी उघडून बघायला हवं होतं. विकणारे नाही म्हणत नाहीत, फक्त आपण विचारायचं असतं.

सडण्याचं कारण वर गच्चीवर आहे. इथल्या घरांना उतरती कौलं नसतात, सपाट मातीचं छत असतं. तुळया, त्यांवर आडव्या काठ्या, त्यांवर स्लेटचे चपटे दगड, मग माती-खडीचा थर आणि सगळ्यांत वर लाउना. लाउना म्हणजे डोंगरातून खणून काढलेली राखाडी-निळसर, बुळबुळीत माती. ती ओली झाली की फुगते आणि स्वतःच पाण्याला वाट बंद करते. माझं आजोळ बार्शीकडचं, तिथे माळवदावर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकायचे, त्याच जातीचं हे काम. त्यामुळे या छताची मला भीती वाटली नाही.

आधीच्या एका मालकाने गळतीला कंटाळून लाउनावर सहा सेंटिमीटर सिमेंट ओतलं होतं. उन्हाळ्यात तापून आणि हिवाळ्यात गोठून सिमेंटला बारीक चिरा गेल्या. पाणी चिरांतून आत जायचं, पण वाफ होऊन वर निघायला जागा नव्हती. लाकूड वर्षानुवर्षं ओलं राहिलं.

26 फेब्रुवारी 2024

छतासाठी तीन गवंडी येऊन गेले. दोघांचं म्हणणं एकच, सगळं पाडून सळ्यांचा स्लॅब घालायचा आणि दिसण्यापुरती वर चार बोटं लाउना पसरायची. अंदाज 14,300 युरो. या घराच्या भिंती दगड आणि मातीच्या आहेत, साठ-सत्तर सेंटिमीटर जाड. त्या मऊ भिंतीवर ताठर स्लॅब ठेवला की भूकंपात काय होईल, याचं उत्तर दोघांनीही दिलं नाही. ग्रानादा हा स्पेनमधल्या सर्वाधिक भूकंपप्रवण भागांपैकी एक आहे.

तिसरे गवंडी सत्तरीचे, शेजारच्या वाडीतले. त्यांनी वर चढून पायाने ठोकून पाहिलं आणि म्हणाले, “तुळया बदला, सिमेंट काढा, मातीचं छत परत मातीचं करा.” काम त्यांनाच दिलं. अट एकच घातली, घाई करायची नाही.

22 मार्च 2024

ला ताआ आणि मध्य आल्पुखारा 2007 पासून संरक्षित ‘ऐतिहासिक स्थळ’ आहे. त्यामुळे पंचायतीच्या परवान्याबरोबर प्रांताच्या सांस्कृतिक खात्याची संमतीही लागते. तांत्रिक आराखडा काढून देणाऱ्याने 950 युरो घेतले. त्यात आम्ही छतावर एक काचेची खिडकी दाखवली होती, ती पहिल्याच वाचनात अडकली. खिडकी काढून पुन्हा अर्ज केला. दोन महिने गेले ते त्या खिडकीपायी. तुमचं गाव संरक्षित असेल तर आधी आपल्या गल्लीतली छतं नीट बघा आणि शेजाऱ्याकडे नाही ते मागू नका.

13 एप्रिल 2024

परवाना येईपर्यंत बसून काय करणार? आज पाटाची साफसफाई होती. या कामाबद्दल सविस्तर लिहिते, कारण अतिथिगृहाच्या कुठल्याही पुस्तकात ते सापडणार नाही आणि गावात आम्हाला जागा मिळाली ती यामुळेच.

हे पाट मध्ययुगातले, अरबी राजवटीतल्या शेतकऱ्यांनी खणलेले. सिएरा नेवादावरचं वितळणारं बर्फ ओढ्यांतून उचलून डोंगराच्या कडेकडेने, अगदी कमी उतारावर, वाड्यांपर्यंत आणलं जातं. वरच्या अंगाचे काही पाट तर शेतीसाठी नाहीतच. वसंतात त्यांतलं पाणी मुद्दाम भेगाळ जमिनीवर सोडून मुरवतात आणि ते खाली झऱ्यांना उन्हाळाभर पुरतं. सोळाव्या शतकात मोरिस्को लोकांनी, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांनी, 1568 ते 1571 बंड केलं, ते मोडलं आणि त्यांना इथून घालवून दिलं. पुढे उत्तरेकडून आणून वसवलेल्या कुटुंबांनी हेच पाट चालू ठेवले.

सकाळी आठला हक्कदार जमले. ज्याचा जितका हक्क तितकी मजुरी, नाहीतर पैसे भरा. पाटकरी पुढे, बाकीचे ठरलेल्या अंतरावर. गाळ फावड्याने उपसून खालच्या काठावर थापायचा, वरच्या काठावर नाही. वर टाकला तर पहिल्या पावसात परत आत येतो. ब्लॅकबेरीची काटेरी झुडपं मुळासकट काढायची. दगडांमधल्या फटींतून पाणी झिरपताना दिसलं, तर गवताचं ढेकूळ उलटं करून टाचेने आत ठोकायचं. मी सिमेंटची पिशवी आणू का विचारलं, तेव्हा पाटकऱ्याने सांगितलं की थोडी गळती हवीच. पाटाखालची चेस्टनट आणि अक्रोडाची झाडं त्या गळतीवरच उभी आहेत.

दुपारी दोनला वरचं दार उघडलं. पाणी पुढे काटक्या आणि फेस ढकलत आलं. जेवण कट्ट्यावरच झालं : पाव, डुकराचं सुकवलेलं मांस, ऑलिव्ह. मी मांस खात नाही, तर आजींनी माझ्यासाठी वेगळा बटाट्याचा ऑम्लेट करून आणला होता. त्याच जेवणात आम्हाला सुतार मिळाला, लाकूड विकणारा मिळाला आणि खेचरवालाही.

27 मे 2024

परवाना आला.

24 जून 2024

सिमेंट निघालं. छिन्नी-हातोड्यानेच काढलं, कारण यंत्राच्या हादऱ्यांनी भिंतीतली माती सुटली असती. आमच्या गल्लीत गाडी येत नाही. राडारोडा खाली रस्त्यापर्यंत आणि सामान वर, सगळं खेचरावरून. माती-दगडाचं ओझं उतरवताना दोन्ही बाजूंच्या टोपल्या एकदम रिकाम्या कराव्या लागतात, नाहीतर खोगीर फिरतं. हे खेचरवाल्याने एकदा दाखवलं आणि पुढे रोज माझ्याकडून करून घेतलं.

तुळया अपेक्षेपेक्षा जास्त खराब निघाल्या. दोन समजलो होतो, सात बदलाव्या लागल्या. चेस्टनटच घेतलं. पाइन निम्म्या किमतीत मिळतं, पण त्याला इथली कीड लवकर लागते. नव्या तुळयांची टोकं भिंतीत बसवताना चारी बाजूंनी दोन बोटं हवा सोडली. जुन्या टोकांभोवती कोणीतरी सिमेंट भरलं होतं आणि तीच टोकं कुजली होती.

स्लेटचे दगड जवळजवळ सगळे परत वापरले. जुनी लाउनाही गवंड्यांनी टाकू दिली नाही. ढेकळं फोडून, मुळं वेचून, चाळून ढीग केला.

3 जुलै 2024

लाउना पडली. गवंड्यांचा नियम आहे, लाउना कृष्णपक्षातच टाकायची. पौर्णिमा 22 जूनला होऊन गेली होती, अमावास्या 5 जुलैला, तेव्हा हे तीन-चार दिवसच हातात होते. मी वाद घातला नाही. ज्या माणसाने आयुष्यभर ही छतं केली आणि ती टिकली, त्याच्या वेळापत्रकात काम बसवणं मला योग्य वाटलं.

माती कोरडीच टाकायची, पाणी मारायचं नाही. सुमारे पंधरा सेंटिमीटर थर, पन्हळीच्या दिशेने हलका उतार. दाबायची नाही, फळीने फक्त सारखी करायची. पाऊस तिला बसवतो. गच्चीच्या कडेने स्लेटचे मोठे दगड बाहेर काढून ठेवतात आणि त्यांवर वजनाला दगड, म्हणजे वारा आणि पाणी माती ओढून नेत नाहीत.

वजनाचा हिशेब आधी करा. एवढ्या थराची माती एका चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर जाते आणि ओली झाल्यावर आणखी. तुळयांची जाडी त्यावरून ठरवायची.

आमचं छत 58 चौरस मीटरचं. खर्च : तुळया 1,950, लाउना (दोन लहान ट्रक) 480, मजुरी 6,800, खेचर 540, परांची 650, राडारोडा टाकण्याचे 700. एकूण 11,120 युरो. स्लॅबपेक्षा तीन हजारांनी कमी.

दोन गोष्टी इथे जोरात सांगाव्याशा वाटतात. लाउनाखाली प्लॅस्टिकचा कागद घालण्याचा आग्रह बरेच जण करतात. आम्ही फक्त नव्या न्हाणीघरावर घातला, कारण तिथे खाली लाकूड नाही. बाकी ठिकाणी लाकडाला श्वास घेऊ दिला. आणि काम जुलैत संपवा. ऑगस्टमध्ये स्पेनमध्ये कामगार मिळत नाहीत, दुकानंही अर्धी बंद. गावातली बार्सिलोना-माद्रिदला गेलेली कुटुंबं परत येतात, जत्रा होते, रात्री तीनपर्यंत बँड वाजतो.

31 ऑक्टोबर 2024

व्हॅलेन्सियात महापूर आला तो हाच आठवडा. इथे पाऊस त्या मानाने कमी, पण पहिलाच जोरदार. पहाटे धुराड्याच्या बुडाशी ठिपकणं सुरू झालं. मोठ्या खोलीत दोन घमेली लावली.

कारण सोपं होतं. सपाट भागातली माती पावसाने नीट बसली होती, पण धुराड्याला टेकलेल्या भागात ती आकसून बोटभर फट राहिली होती. गवंडी म्हणाले, पहिल्या पावसाशिवाय ही फट कळतच नाही. उपाय : धुराड्याभोवती लाउनाचा तिरका वरवंड घालायचा, वीत-दीड वीत उंच, आणि वरून स्लेटचा दगड धुराड्यात खोचून छपरी करायची. तासाभराचं काम. पण छत ओलं असताना वर जायचं नाही, पाय पडेल तिथे खड्डा होतो आणि पाणी साचतं. तीन दिवस वाट पाहिली.

म्हणून पहिल्या पावसाआधी आतला रंग देऊ नका. आमचा मोठ्या खोलीचा रंग आधीच झाला होता, तो कोपरा पुन्हा करावा लागला.

19 नोव्हेंबर 2024

विजेचं काम. स्पेनमध्ये घरासाठी किती किलोवॉट वापरणार ते आधी ठरवून घ्यायचं असतं, त्यावर महिन्याचं स्थिर बिल. आमच्या घराला 3.45 किलोवॉट होतं. पाणी तापवायचा बंब, ओव्हन आणि एक हिटर एकदम लावला की अंधार. वाढवून 5.75 मागितलं, तर जुन्या तारांमुळे नवं प्रमाणपत्र लागलं आणि प्रमाणपत्रासाठी नवी वायरिंग. 2,900 युरो.

तरीही खोल्यांत विजेचे हिटर लावले नाहीत. मधल्या दालनात लाकडाची बंद शेगडी, तिची ऊब तिन्ही खोल्यांना पुरते. लाकूड बदामाचं आणि ऑलिव्हचं. गरम पाणी बुतानो (ब्यूटेन) गॅसवर, नारिंगी साडेबारा किलोचे सिलिंडर, सोळा-सतरा युरोंना एक. गॅसची गाडी चौकात येऊन हॉर्न देते, तिथून सिलिंडर हातगाडीवर आणायचा. गिझर घेताना बॅटरीच्या सेलवर पेटणारा घेतला. पुढे त्याचा फार उपयोग झाला.

12 डिसेंबर 2024

आतल्या भिंतींवर कंबरेपर्यंत सिमेंटचा गिलावा होता, ओल लपवण्यासाठी केलेला. तो खरवडून चुन्याचा केला. भिंत पहिले काही आठवडे आणखी ओली दिसते, घाबरू नका, ती आतली ओल बाहेर टाकत असते. चुन्याची निवळी ब्रशने तीन पातळ हातांत. जाड हात दिला तर पापुद्रे सुटतात. चष्मा लावल्याशिवाय चुन्याला हात लावू नका.

4 फेब्रुवारी 2025

नोंदणी. आंदालुसियाच्या पर्यटन नोंदवहीत ‘कासा रूराल’ म्हणून स्वतःच्या जबाबदारीवर घोषणापत्र द्यायचं, मग क्रमांक मिळतो. तो दारावरच्या पाटीवर आणि प्रत्येक जाहिरातीत. तक्रारीचा अधिकृत फॉर्म ठेवायचा आणि तो आहे असं सांगणारा फलक दर्शनी भागात लावायचा. नाश्ता देणार असाल तर अन्न हाताळणीचं प्रशिक्षण. ते ऑनलाइन झालं, 25 युरो. विमा 310 युरो. स्वयंरोजगाराची नोंदणी वेगळी, पहिल्या वर्षी सामाजिक सुरक्षेचा सवलतीचा हप्ता महिना ऐंशी-नव्वद युरो, नंतर उत्पन्नाप्रमाणे वाढतो. मुक्कामाच्या बिलावर 10 टक्के मूल्यवर्धित कर.

19 मार्च 2025

हा मार्च इथल्या लोकांच्याही आठवणीत नसेल असा ओला गेला, एका वादळामागून दुसरं. छत एक थेंबही गळलं नाही. गवंडी पावसातून आले, दारातूनच वर बघितलं आणि कॉफी न घेता गेले. इतका आनंद मला या घरात अजून कशाचा झाला नव्हता.

पण बागेची वरची ताल कोसळली. कोरड्या दगडांची ती रचून केलेली भिंत, मागून पाण्याने फुगली. पाटाचं पाणी वळवायचं लाकडी दार अर्धवट उघडं राहिलं होतं आणि पावसाचं सगळं पाणी आमच्या बागेत आलं. हे टाळता आलं असतं. वादळाचा इशारा आला की आधी पाटाचं दार बंद, मग खिडक्या. भिंत पुन्हा रचायला 1,150 युरो. सिमेंटशिवाय, मागे खडी भरून, म्हणजे पाणी निघून जातं.

17 एप्रिल 2025

पवित्र सप्ताह, पहिले पाहुणे, तिन्ही खोल्या भरल्या. दर खोलीमागे 72 युरो, नाश्त्यासह. एरवी 58.

प्रत्येक पाहुण्याची माहिती चोवीस तासांत गृहमंत्रालयाच्या संकेतस्थळावर भरावी लागते. डिसेंबर 2024 पासून ही नवी पद्धत सक्तीची झाली : नाव, ओळखपत्राचा क्रमांक, पत्ता, फोन, ईमेल, पैसे कसे दिले, लहान मुलं असतील तर नातं. ही नोंद तीन वर्षं जपायची. रात्री दहाला थकून आलेल्या माणसाला हे सगळं विचारणं जिवावर येतं, म्हणून आम्ही आधीच दुवा पाठवून भरून घेतो. पासपोर्टची झेरॉक्स मात्र ठेवू नका, ओळखपत्र फक्त पडताळून बघायचं असतं.

नाश्त्याला गावच्या भट्टीचा पाव, किसलेला टोमॅटो, ऑलिव्ह तेल. आजींच्या कोंबड्यांची अंडी मात्र नाहीत. ती आम्ही स्वतः खातो, पाहुण्यांना शिक्का असलेलीच द्यावी लागतात. आजींना हे पटायला दोन दिवस लागले.

29 एप्रिल 2025

काल दुपारी साडेबारानंतर स्पेनच्या सगळ्या मुख्य भूमीची आणि पोर्तुगालची वीज गेली. आधी वाटलं आमच्याच तारा. मग शेजारी बाहेर आले, मग मोबाइलचं नेटवर्कही गेलं. घरात दोन डच चालणारे आणि सेव्हियाचं एक कुटुंब होतं. कार्ड चालत नव्हतं, दुकान रोखीवर. आमच्याकडे रोख अठरा युरो.

पण पाणी चालू होतं. ते डोंगरावरून उताराने येतं, पंप नाही. सेलवर पेटणाऱ्या गिझरमुळे सगळ्यांच्या अंघोळी झाल्या. जेवण लाकडाच्या शेगडीवर केलं, मसूर आणि भात. आजींकडे सेलचा रेडिओ होता, त्याच्याभोवती अख्खी गल्ली खुर्च्या घेऊन बसली. सेव्हियाची दोन लहान मुलं पाटावर कागदाच्या होड्या सोडत होती आणि त्या होड्या खाली कुठे पोचतात ते बघायला गावातली मुलं पळत होती. दिवे रात्री उशिरा आले.

आज घेतलं : चार चार्जिंगचे कंदील, एक सेलचा रेडिओ, आणि यापुढे घरात कायम 200 युरो सुटे.

30 जून 2025

पाहुण्यांच्या तक्रारी, जशा आल्या तशा. गाडी दारापर्यंत येत नाही. चर्चची घंटा रात्रीही वाजते. कोंबडा पाचला ओरडतो. दोन ते पाच एकही दुकान उघडं नाही. पाटाच्या आवाजाने झोप लागली नाही (एक), पाटाच्या आवाजाने छान झोप लागली (बरेच).

आम्ही जाहिरातीच्या पहिल्याच परिच्छेदात हे सगळं लिहून टाकलं. रस्त्यापासून चढ किती, पायऱ्या किती, घंटा कधी वाजते. त्यानंतर चौकश्या घटल्या आणि तक्रारी जवळजवळ संपल्या. जे येतात ते चालायला येतात. फेरेइरोलाजवळच्या लोहयुक्त, फसफसत्या पाण्याच्या झऱ्याकडे, फोन्दालेसच्या जुन्या पुलाकडे, दम असेल तर त्रेवेलेसपर्यंत. त्यांना पायवाटेचा हाती काढलेला नकाशा देतो. मोबाइलमधली वाट दरीत एका ठिकाणी चुकीची आहे.

सांडपाण्याची नळी जुनी, चार इंची. ओले कागदी रुमाल (वेट वाइप्स) संडासात टाकू नयेत असं तीन भाषांत लिहून लावलं, ते ती तुंबून 180 युरो गेल्यावर.

21 ऑगस्ट 2025

पाणी कमी झालं. पाटकऱ्याने पाळी दीड तासावरून पाऊण तासावर आणली. आमच्या पाळीच्या रात्री एका पाहुण्याने बागेत हौसेने आमचं पाटाचं दार ‘नीट’ उघडून ठेवलं आणि पाणी खालच्या शेतकऱ्याकडे गेलंच नाही. सकाळी ते दारात उभे. मी माफी मागितली आणि आमची पुढची पाळी त्यांना दिली. आता दाराला कुलूप आहे. पाहुण्यांना पाट दाखवायचा, समजावून सांगायचा, पण हात लावू द्यायचा नाही. खोलीचं भाडं दिलं म्हणून गावाच्या पाण्यावर हक्क येत नाही.

15 नोव्हेंबर 2025

पहिल्या हंगामाचा हिशेब, एप्रिल ते ऑक्टोबर. भाड्याचे 13,300 युरो, त्यातून कर वजा जाता सुमारे 12,100. आरक्षणाच्या संकेतस्थळांचं कमिशन 1,350. नाश्ता, गॅस, लाकूड, धुलाई, वीज मिळून 3,400. हप्ते, विमा, हिशेबनीस 1,700. छोट्या दुरुस्त्या 900. हातात उरले 4,750. घर यावर चालत नाही, नवऱ्याच्या घरून चालणाऱ्या नोकरीवर चालतं. पुढच्या वर्षी सवलतीचा हप्ता संपेल, तेव्हा उरणारं आणखी कमी असेल. चौथी खोली काढा, असं सगळे सांगतात. काढणार नाही. चौथ्या खोलीला गरम पाणी, सांडपाणी आणि गाड्यांची जागा, तिन्ही पुरत नाहीत, आणि सकाळी सहा माणसांशी बोलता येतं तसं आठांशी येत नाही.

हिवाळ्याची कामं, ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी क्रमाने : छतावर उगवलेलं गवत मुळासकट उपटणं (मुळं राहिली तर पुढच्या पावसात तिथूनच गळतं), धुराडं साफ करणं, न्हाणीघराच्या बाहेरच्या नळीला गोठू नये म्हणून आवरण. बर्फ पडलं तर गच्चीवरून लाकडी फावड्यानेच काढायचं, लोखंडी फावडं लाउना खरवडतं. आमच्याकडे लाकडी नव्हतं. सुताराला सांगितलंय, पुढच्या गुरुवारी ओर्खिवाच्या बाजाराला जाताना घेऊन येऊ. गवंड्यांनी त्यांच्या नातवाला आणि मला बरोबरच लाउना चाळायला शिकवायचं कबूल केलंय, कारण गेल्या दोन वर्षांत गल्लीतल्या आणखी तीन छतांवरचं सिमेंट काढायचं ठरलं आहे आणि ते एकटे आता वर चढत नाहीत.